बंद न केलेली रेघ

माझं लग्न कधी ठरलं ते आमच्या घरात कुणालाच सांगता येत नव्हतं. ठरलेलं मात्र होतं. सोमवारी घरात कांदा चिरायचा नाही हे जसं ठरलेलं, तसंच हेही. कधीपासून म्हणून कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

नवरा म्हणजे माझा सख्खा मामा संगमेश, अव्वाचा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. हे वाचून ज्यांच्या कपाळाला आठी पडली असेल त्यांनी ती पुसून टाकावी. आमच्याकडं, कानडी मुलखाला लागून असलेल्या लिंगायत घरांत, बहिणीची पोरगी करून घ्यायची रीतच आहे. घरची पोर घरात राहते आणि सासू म्हणजे आपलीच आजी, असा हिशेब. रीतीवर माझा राग नव्हता. आमच्या शेजारची एक पोरगी मामाशी लग्न करून दोन पोरांसकट मजेत होती. मला संगमेश नवरा म्हणून नको होता, एवढंच. आणि ते सांगायला घरात जागाच नव्हती. विचारलेल्याला माणूस नाही म्हणतं. मला कुणी विचारलंच नव्हतं, मग मी नाही म्हणू तरी कशाला?

मला न्हाण आलं त्या वर्षी अव्वानं बजावलं, “आता त्याला मामा म्हणायचं न्हाय.”

“मग काय म्हणू?”

“काय म्हणू नको.”

तेव्हापासून तो इचलकरंजीहून आला की मी भिंतीशी बोलायला लागले. “चहा ठेवलाय.” “पाणी तापलंय.” ज्या माणसाच्या सायकलच्या दांडीवर बसून मी रंकाळ्यावर जायची, त्याला हाक मारायला माझ्याकडं शब्द उरला नाही. तोही बिचारा कपाकडं बघून “बरं, बरं” म्हणायचा. आम्हां दोघांच्या मध्ये तो चहाचा कप नसता तर आम्ही मुकेच राहिलो असतो.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि विषय घेतला होता तर्कशास्त्र. का घेतला? संयोगितानं घेतला म्हणून. संयोगिता म्हणजे माझी मैत्रीण, कसबा बावड्याची, बाप साखर कारखान्यात कामाला. तिनं घेतला, कारण तिला कुणीतरी सांगितलं होतं की या विषयात पाठांतर नाही. पाठांतर नव्हतं हे खरं, पण आकाराम सर होते.

आकाराम सर आजऱ्याचे. अंगानं काटकुळे, आवाजानं पैलवान. फळ्यावर लिहिताना खडू मोडायचा आणि मोडल्याचा राग आमच्यावर निघायचा. त्यांनी दिवाळीच्या तोंडावर एक उदाहरण दिलं. पाळी बदलली तर कारखान्याचा भोंगा वाजतो. भोंगा वाजला. म्हणून पाळी बदलली. “बरोबर का चूक?”

“चूक सर,” संयोगिता बसूनच म्हणाली. “भोंगा मंत्री आला तरी वाजतो.”

सर इतके खूश झाले की उरलेला तास त्यांनी भोंग्यावरच घालवला. उलट्या बाजूनं निष्कर्ष काढायचा नाही, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात पक्कं बसलं. घरी आले तर आत्या माझ्यासाठी इचलकरंजीहून आलेली दिवाळीची साडी उलगडून बसली होती. “बघ, बायको म्हणून कशी निवडून पाठवलीया!” मी म्हटलं, “आत्या, मामा भाचीलाबी साडी देतोच की.” आत्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिच्यासमोर शिवी दिली. भोंगा वाजला होता आणि सगळ्या घरानं पाळी बदलली असं धरून टाकलं होतं.

पण मला खरा धक्का बसला तो जानेवारीत. सर सिद्धता शिकवत होते. वर आधारविधानं लिहायची, नियम लावत एकेक ओळ खाली उतरायचं, शेवटी निष्कर्ष. त्या दिवशी ते म्हणाले, कधीकधी असं सरळ उतरता येत नाही. तेव्हा मध्येच एक विधान नुसतं धरायचं. त्याला गृहीतक म्हणायचं.

“धरायला परवानगी लागत न्हाय,” सर म्हणाले. “समजा, मी पैलवान हाय.”

वर्ग हसला. सरांच्या मनगटात माझी बांगडी गेली असती.

“हसू नका, पुढं काढा. मी पैलवान असलो तर मला रोज चरवीभर दूध लागंल. तेवढं दूध लागलं तर म्हैस लागंल. म्हैस असली तर गोठा लागंल. उतरलो का नियमानं? कुठं चुकलो?”

“नाही सर.”

“मग माझ्याकडं गोठा हाय?”

सर भाड्याच्या एका खोलीत राहतात हे सगळ्यांना माहीत होतं.

“न्हाय!” सर ओरडले. “मी पैलवान असलो, तर माझ्याकडं गोठा हाय. एवढंच हातात आलं.” आणि त्यांनी ‘समजा’पाशी एक बाण काढला, तिथून समासात खाली उभी रेघ ओढली आणि गोठ्याच्या ओळीखालनं ती आडवी वळवून बंद केली. “ह्या रेघेच्या आतलं आतच ऱ्हायचं. गोठा बाहेर काढता येत न्हाय. आणि रेघ बंद केल्याशिवाय उत्तर संपत न्हाय. निम्मी पोरं हितंच मरतात. एकदा धरतात आणि धरलंय हेच विसरतात. मग गोठ्यात बसून दूध काढत्यात.”

मी फळ्याकडं बघत राहिले. सगळ्या वर्गाला तो फळा होता, मला आमचं घर दिसत होतं. समजा, दानेश्वरी, म्हणजे मी, संगमेशला द्यायची. मग दुसरी स्थळं बघायला नकोत. मग गोदरेजचं कपाट इचलकरंजीच्या खोलीच्या मापाचं घ्यायचं. मग तिला मामा म्हणू द्यायचं नाही. मग, ‘लग्न काय ठरलेलंच हाय, तोवर शिकू दे की’, म्हणून कॉलेजात घालायचं. माझं कॉलेजसुद्धा रेघेच्या आत होतं! मी बसले होते तो बाकही. मला त्या बाकावर कोंडल्यासारखं झालं, आणि रागही आला, कारण इतकी साधी चूक घरातल्या एकाही मोठ्या माणसाला दिसली नव्हती.

तास संपल्यावर मी सरांना गाठलं. “सर, आधारविधानाला रेघ का नसते?”

“ते कुणीतरी ठाम मांडलेलं असतं. नुसतं धरलेलं सोडता येतं. मांडलेलं कसं सोडणार?” मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, “धारवाडचा फॉर्म आणला का?” मी एम.ए.ला धारवाडला जावं हे सरांनी मनात घेतलं होतं, आणि त्यांच्यामुळं मीही.

मी ठरवलं, बघू तरी. हे कुणी मांडलंय का नुसतं धरलंय. मांडणारा सापडला तर निदान भांडायला माणूस मिळेल.

अव्वा भाकऱ्या थापत होती. मी विचारलं, “अव्वा, माझं लग्न कुणी ठरवलं?”

“तुझ्या आत्यानं. बारशातच.” भाकरी उलटून ती म्हणाली, “का? कॉलेजात कुणी काय बोललं?”

“न्हाय, आपलं इचारलं. तुझं कुणी ठरवलेलं?”

अव्वाचा हात थांबला. “माझं? मी लय बारकी होतो. दारात खेळत होतो. आतनं कुणीतरी आलं आणि तोंडात गूळ घातला. मी गिळला.” तिनं पुन्हा पीठ हातात घेतलं. “गूळ आवडायचा मला.”

हे नीट समजायला आप्पांचा धंदा सांगायला हवा. आप्पा, म्हणजे माझे वडील रुद्राप्पा, मार्केट यार्डात गुळाचे अडते. शेतकऱ्याचा गूळ त्यांच्या अडतीवर उतरायचा, सकाळी सौदे निघायचे, व्यापारी रांगेनं मांडलेल्या रव्यांपुढनं, म्हणजे गुळाच्या ढेपांपुढनं, बोली लावत जायचे. आप्पांच्या अडतीची एक रीत होती. व्यापाऱ्यानं रव्याची कड फोडून तुकडा तोंडात टाकायचा. नको असेल तर थुंकायचं, कुणाला राग नाही. गिळला की मात्र तो माल घेतला. बोली बोलून, गूळ गिळून कुणी मागं सरला तर आप्पा त्याला पुन्हा पायरी चढू देत नसत. घरीही तेच. गूळ गिळला की शब्द झाला. आप्पांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं यार्डात म्हणायचे, आणि आप्पांना ते ऐकायला आवडायचं.

बसम्मा आत्या, आप्पांची थोरली बहीण, आमच्यातच राहायची. ती म्हणाली, “मी कशाला ठरवू? पोरगी माझी का? तुझा बा बोलला असंल. तो बोलला म्हणून मी व्हय म्हटलं.”

आप्पा कानात काडी घालत म्हणाले, “ही बायकांची कामं. तुझ्या अव्वानं सांगितलं, मी म्हटलं बरं.”

झालं. अव्वा म्हणते आत्या, आत्या म्हणते आप्पा, आप्पा म्हणतात अव्वा. वेताळ झाडावर आणि झाड वेताळावर. तिघांपैकी एकानंही मला संगमेशला दिली असं कधी तोंडानं म्हटलं नव्हतं. प्रत्येकानं दुसऱ्याचं ऐकून मान हलवली होती. माझ्या पायांखाली जमीनच नव्हती, आणि ते कळल्यावर मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! पायांखाली काही नाही म्हणजे उडी मारता येईल, असं मला वाटलं.

राहता राहिला संगमेश. पुस्तक आणायचं म्हणून सांगून मी एस.टी.नं इचलकरंजीला गेले. त्याचे माग एका लांबट शेडमध्ये होते. आत एवढा खडखडाट की माणसं हातवाऱ्यांनीच बोलत होती. मला बघून तो इतका घाबरला की त्याच्या हातातली सुताची कांडी खाली पडली.

“आक्का बरी हाय न्हवं?” बाहेर आल्यावर त्यानं पहिलं हेच विचारलं. आक्का म्हणजे माझी अव्वा. आई आजारी असायची म्हणून थोरल्या बहिणीनंच त्याला वाढवलेलं.

“बरी हाय. मामा, मला एक सांग.” पाच-सहा वर्षांनी तो शब्द तोंडातून निघाला आणि माझं मलाच रडू आलं. “तुला माझ्याशी लग्न करायचंय?”

तो टपरीवरच्या बाकावर बसला. कान लाल झाले. “तुला करायचंय म्हणून आक्का म्हणाली.”

“अव्वा असं म्हणाली?”

“म्हंजे... असं न्हाय म्हणाली. आत्याबाई म्हणत होत्या की तू माझ्याशिवाय कुणाचं नाव घेत न्हाईस.”

“मी तुझंबी घेत न्हाय! मला बंदी हाय!”

त्यानं माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदा कपाकडं न बघता माझ्याकडं बघितलं. “दानू, तुला मी कडेवर घेऊन नाक पुसलंय गं,” तो म्हणाला. “निपाणीचं एक स्थळ आलतं. पोरगी शाळेत शिकवती. मी बघायलाच गेलो न्हाय. म्हटलं, मी गेलो तर तुझं कसं व्हायचं.”

“आणि मी म्हटलं, मी न्हाय म्हटलं तर तुझं कसं व्हायचं.”

आम्ही दोघं हसायला लागलो. इतकं हसलो की टपरीवाला बघायला लागला. त्या हसण्यात मला वर्गातला फळाच दिसत होता. सरांनी तेही शिकवलं होतं. एखादी गोष्ट धरायची, आणि ती धरल्यामुळं दोन ओळी एकमेकींच्या उरावर बसल्या की जे धरलं तेच खोटं. लग्न होणार असं धरलं, तर त्याच्या मते मला हवंय आणि माझ्या मते त्याला हवंय. दोघांनाही नकोय. रेघ बंद!

आमचं ठरलं. सोमवारी संध्याकाळी तो मुहूर्ताचं बोलायला येणारच होता. मी सगळ्यांसमोर विषय काढायचा, कुणीच काही ठरवलेलं नाही हे दाखवून द्यायचं, आणि मग त्यानं स्वच्छ नाही म्हणायचं. पुरुषाचं नाही म्हणणं आमच्या घरात ऐकू येतं. माझं येईल याची मला खात्री नव्हती.

“बोलशील न्हवं?” मी एस.टी.त चढताना विचारलं.

“बोलतो की! का न्हाय बोलणार?” तो म्हणाला, आणि खिडकीतून माझ्या हातात चिक्कीचा पुडा कोंबला, अगदी पूर्वीच्या मामासारखा.

सोमवारी तो आला. आप्पा झोपाळ्यावर, आत्या पाटावर, अव्वा उंबऱ्यात आणि संगमेश खुर्चीच्या अगदी कडेवर. मी मधल्या खांबाला टेकून उभी. डोकं स्वच्छ होतं. एकेक पायरी मी पाठ केली होती.

“आप्पा, तुमच्या अडतीवर बोली न बोलता कधी गूळ गेलाय?”

“माझ्या अडतीवर?” आप्पांनी झोपाळा थांबवला. “माझ्या हयातीत न्हाय.”

“मग माझी बोली कुणी बोलली?”

“म्हंजे?”

“मला कुणी दिली? अव्वा म्हणती आत्यानं ठरवलं. आत्या म्हणती तुम्ही. तुम्ही म्हणता अव्वानं. मग बोललं कोण?”

तिघांनी तिघांकडं बघितलं. आत्या म्हणाली, “रुद्राप्पा, तू बोलला न्हवतास?” आप्पा अव्वाकडं वळले, “तू तर म्हणालीस...” अव्वा म्हणाली, “मी? आत्याबाई म्हणाल्या म्हणून...” आणि तिघांचीही वाक्यं अर्ध्यात सुटली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आकाराम सर इथं असते तर खडू मोडून नाचले असते! मी संगमेशकडं बघितलं. आता तुझी ओळ.

संगमेशनं घसा खाकरला. “भाऊजी...”

आप्पांनी हात वर केला. त्यांचे डोळे भरून आले होते. आप्पांचे डोळे भरलेले मी कधी बघितले नव्हते.

“पोरीचं खरं हाय,” ते म्हणाले. “चुकलं माझं. परक्याचा गूळ मी बोलीशिवाय हलू देत न्हाय, आणि पोटची पोर मुक्यानं दिली? तिला वाईट वाटणारच की. एवढी शिकली, आणि बापानं चार माणसांत तिचं नावसुद्धा घेतलं न्हाय.”

“आप्पा, मला तसं म्हणायचं न्हाय—”

“लाजू नको गं,” आत्या डोळे पुसत म्हणाली. “कळतंय आम्हाला.”

आप्पा उठले. खिडकीशी जाऊन त्यांनी शेजारच्या तानाबाईंना हाक मारली, त्यांच्या मालकांना बोलावलं, जिन्यात उभी होती ती सगळी माणसं आत घेतली. मग घराच्या मध्ये उभे राहून, सौद्यात काढायचे त्या आवाजात ते बोलले. खाली रस्त्यावर ऐकू गेलं असेल.

“मी रुद्राप्पा! माझी पोरगी दानेश्वरी संगमेशला दिली! दिली! दिली!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोक्यात सरांचं एकच वाक्य वाजत होतं. नुसतं धरलेलं सोडता येतं, मांडलेलं कसं सोडणार? आतापर्यंत ते कुणी मांडलं नव्हतं. माझ्या सुटकेची जी काही फट होती ती तेवढीच होती. मी शहाणी, एकेक पायरी पाठ करून आले आणि बापाच्या हातानं ती बुजवून घेतली. इतकी हुशारी करण्यापेक्षा आल्या आल्या ‘मला नको’ म्हणून बोंब मारली असती तर?

“तम्मा,” अव्वानं भावाला विचारलं, “तुझं काय म्हणणं?”

सगळे संगमेशकडं वळले. मीही. मी त्याला डोळ्यांनी ढकलत होते. बोल रे. निपाणीची सांग. नाक पुसलेलं सांग. काहीही सांग.

त्यानं आक्काकडं बघितलं, आप्पांच्या ओल्या डोळ्यांकडं बघितलं, आणि मान खाली घातली.

“मी कुठं न्हाय म्हणतोय, आक्का,” तो म्हणाला.

आप्पांनी स्वतः रवा फोडला. पहिला तुकडा संगमेशच्या तोंडात, दुसरा माझ्या. मी बोलायला तोंड उघडलं होतं, त्यातच तो बसला. चांगला मोठा, लिंबाएवढा. मागोमाग आत्यानं हनुवटी धरून आणखी एक कोंबला. “तोंड गोड कर गं!” सगळे हसत होते. मी तो गालात धरून ठेवला. गिळला नाही. गिळायचा नाही, एवढंच मला कळत होतं.

समोर संगमेशचा गालही फुगलेला होता. त्यानंही गिळला नव्हता. आम्ही दोघं फुगल्या गालांनी एकमेकांकडं बघत राहिलो. तानाबाई म्हणाल्या, “बघा, बोलवत न्हाय दोघांना!” त्यावर पुन्हा हशा झाला. मग त्याच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. त्यानं माझ्यावरची नजर काढून जमिनीकडं वळवली.

गुळाचं एक वाईट असतं. तुम्ही गिळा नाहीतर गिळू नका, तो विरघळत जातो. गोड पाणी जिभेखाली साचत होतं आणि घशाकडं सरकत होतं. आणखी थोडा वेळ तिथं उभी राहिले असते तर मी काही न करताच माझा होकार झाला असता. मी तोंडावर हात धरून स्वयंपाकघरातून मोरीकडं पळाले.

मोरीत वाकून सगळं थुंकले. जिभेवरचं, गालातलं, घशापर्यंत गेलेलं खाकरून काढलं. मागं वळले तर दारात अव्वा. हातात पाण्याचा तांब्या.

तिनं मोरीतल्या त्या तांबूस गुळाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

“मला नको,” मी म्हटलं. आवाज कसाबसाच निघाला, म्हणून पुन्हा म्हटलं, तिच्या माहेरच्या भाषेत. “बेडा, अव्वा. बेडा.”

अव्वा पुढं आली आणि तिनं तांब्यातलं पाणी मोरीत ओतायला सुरुवात केली. गूळ भोकाकडं सरकू लागला. “कुणी बघितलं न्हाई,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “तोंड धू आणि चल. पानं मांडायची हाईत.”

“तू बघितलंस.”

ती पाणी ओततच राहिली.

“अव्वा, तू बघितलंस. तू तवा बारकी होतीस. तुला गूळ आवडायचा. मला न्हाय आवडत.”

तांब्या तिच्या हातात तसाच कलता राहिला. बाहेरून हसण्याचे आवाज येत होते. कुणीतरी मुहूर्ताचा महिना सुचवत होतं. मग आप्पांची हाक आली, खुशीत, मोठ्यानं, “अगं, दानू कुठं गेली?”

मी अव्वाकडं बघत होते. या घरात मला आता कुणाकडून काही ऐकायचं उरलं असेल, तर ते तिच्याकडूनच. तिचा चेहरा मला वाचता येत नव्हता. आप्पांनी पुन्हा हाक मारली.

“हितं हाय,” अव्वा ओरडली. मी खांदे पाडले. मग ती दाराकडं तोंड करून, सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाली, “गूळ थुकलाय तिनं. मी बघितलंय.”

बाहेर बोलणं थांबलं. झोपाळ्याची कडीसुद्धा वाजेना. अव्वा दारातून हलली नाही. तिनं मला बाहेर जाऊ दिलं नाही आणि कुणाला आतही येऊ दिलं नाही. तांब्यातलं उरलेलं पाणी तिच्या पायांवर सांडत होतं.